लाल झाकणाची किटली

१ जानेवारी २०२५, सकाळी

आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांनी तरुणपणी लिहून ठेवलेलं पुढे जगाला उपयोगी पडतं. तोवर ही कुणाला दाखवायची नाही.

एम.एस्सी. मायक्रोबायॉलॉजीचं शेवटचं सेमिस्टर. संकल्प असा: प्रोजेक्ट असा करायचा की शिरूरच्या कॉलेजनं तोंडात बोट घातलं पाहिजे. वर्गातल्या जस्मिनशी वाद घालायचा नाही, तिची तेवढी योग्यता नाही. धाकट्या भावाशी, सत्यजीतशी, बोलायचं नाही. हा संकल्प दिवाळीपासून चालू आहे, माझी मोटरसायकल न विचारता नेली तेव्हापासून, आणि उत्तम चालला आहे. आणि रोज पहाटे उठायचं.

पहाटेचं उद्यापासून.

३ जानेवारी

विषय ठरला. घरच्या दुधातून असा जंतू शोधायचा, जो दुसऱ्या, रोग करणाऱ्या जंतूंना मारतो. करुणा मॅडम माझ्या गाइड. त्यांना विषय "नेहमीचाच" वाटला. वाटू दे. प्रोजेक्ट खरंच चांगला झाला तर पुण्याच्या एका संशोधन संस्थेत फेलोशिपसाठी त्या माझं नाव देणार आहेत. तोंडी कबूल केलंय. मॅडमना लिहून मागितलं तर हसल्या.

नाव गेलं नाही तर काय, ते वडिलांनी, आप्पांनी, परवा जेवताना सांगितलं. मेनंतर बन्सीमामांच्या दूध सेंटरवर बसायचं. लोक कॅन आणणार, मी चमचाभर दूध मशीनमध्ये घालून फॅट सांगणार. सात वर्षं सायन्स शिकून फॅट. मी ताटावरून उठलो. नंतर परत बसलो, कारण मटकी होती.

६ जानेवारी

घरात जाहीर केलं की माझ्या संशोधनासाठी दूध वेगळं काढून ठेवत जा, त्याला कुणी हात लावता कामा नये. आईला सांगितलं, पण गोठ्यात सत्यजीतला ऐकू जाईल अशा आवाजात. आई भाकरी थापत व्हय व्हय म्हणाली. सत्यजीतनं कडबाकुट्टीचं मशीन सुरू केलं. मुद्दाम.

९ जानेवारी

चांदणीची कास सुजली. चांदणी म्हणजे आमची सगळ्यात जास्त दुधाची आणि सगळ्यात जास्त नखऱ्याची गाय. न्हावऱ्याहून डॉक्टर आला, इंजेक्शन दिलं, सडांत औषधाच्या ट्यूबा सोडल्या, चहा प्याला आणि गेला. कास कोणत्या जंतूनं सुजली, त्या जंतूला कोणतं औषध लागू पडतं, काही तपासणी नाही. मी ओट्यावरून सगळं बघत होतो. बोललो नाही. न मागता सल्ला दिला की ह्या घरात किंमत राहत नाही.

१० जानेवारी

मन भरून आलं.

गोठ्याच्या दाराशी लाल झाकणाची एक छोटी किटली वेगळी ठेवलेली. शेजारच्या शेवंताबाई चहाला दूध मागत होत्या, त्यांना आईनं सांगितलं, त्या किटलीला हात लावू नका. सत्यजीतसुद्धा तिला वळसा घालून गेला. तेवीस वर्षांत ह्या घरानं माझ्या शिक्षणाला पहिल्यांदा मान दिला.

किटलीतलं दूध बाटलीत भरलं. आईनं बघितलं आणि फार समाधानानं मान हलवली. एस.टी.त बाटली मांडीवर धरून बसलो. कंडक्टरनं विचारलं, काय आहे? म्हटलं, तुम्हाला कळणार नाही. त्यानं मला न्हावऱ्यापर्यंत उभं केलं.

१५ जानेवारी

झोन आला!

(पुढच्या पिढ्यांसाठी: काचेच्या प्लेटमध्ये खळीसारखा मीडिया, म्हणजे जंतूंचं खाद्य, ओततात, त्यावर रोगाचे जंतू पसरतात, मध्ये भोक पाडून आपलं औषध घालतात. औषधात दम असेल तर भोकाभोवतीचे जंतू मरतात आणि स्वच्छ चकती उरते. तिला झोन म्हणायचं.)

माझा झोन बांगडीएवढा. मी दूध फ्लास्कमध्ये उबेला ठेवलं, त्यात जंतू वाढू दिला, गाळून घातलं आणि हा झोन. विशेष म्हणजे फ्लास्कमधलं दूध घट्ट झालं नाही, आंबलं नाही, वासही नाही. माझा जंतू गाजावाजा न करता काम करणारा आहे. माझ्यासारखाच.

जस्मिन शेजारच्या टेबलावर असते. तिचे वडील योहान सर शिरूरच्या शाळेत मुख्याध्यापक होते, त्यामुळे दुसऱ्याची वही तपासायची सवय तिच्या रक्तात आहे. झोन बघून पहिला प्रश्न काय, तर कंट्रोल कुठंय? कंट्रोल म्हणजे त्याच प्लेटमध्ये दुसरं भोक पाडून त्यात नुसतं कच्चं दूध घालायचं. आता नुसत्या दुधात काय असणार? दूध. जळणारी माणसं मी लगेच ओळखतो.

१८ जानेवारी

आईची परवापासून कटकट, दही लागंना. टाकून द्यायला जीव होईना म्हणून थोडं दूध विरजून बघितलं, तर तसंच पाणी. मी शास्त्रीय कारण सांगितलं की विरजण जुनं असणार, हात थंड असणार, पातेलं नीट घासलेलं नसणार. आई म्हणाली, पंचवीस वर्षं ह्याच हातानं लावतीय. मग लॅबमधून ताजं विरजण आणून दिलं. तेही लागलं नाही. पातेलंच.

उठता उठता तिनं विचारलं, "कळलं का रे काय हाय ते?"

तिलाही ओढ लागली आहे. म्हटलं, कळेल, घाई करू नकोस.

२ फेब्रुवारी

आठवडाभर किटली नाही. घराचा उत्साह दोन दिवस टिकतो. शेवटी मोठ्या कॅनमधलं दूध नेलं. फ्लास्कमध्ये त्याचं दही झालं. झोन शून्य. चार प्लेटा, एकीतही चकती नाही.

मीडिया खराब असणार. शिवाय जस्मिननं दुपारी इन्क्युबेटरचं दार उघडं ठेवलं होतं, निदान उघडलं तरी होतं. प्लेटा टाकून दिल्या. खराब मीडियाची नोंद करून शास्त्राचा वेळ घालवू नये.

११ फेब्रुवारी

चांदणी परत सुजली. परत तो डॉक्टर, परत ट्यूबा, परत चहा. गायीपेक्षा डॉक्टरच जास्त पोसला जातोय.

चांगली बातमी म्हणजे किटली परत बाहेर आली. मला वाटतं आईनं सत्यजीतला झापलं असावं.

१४ फेब्रुवारी

झोन! जानेवारीपेक्षा मोठा. फ्लास्कमधलं दूध पुन्हा जसंच्या तसं. इतकं सातत्य शहरातल्या लॅबलासुद्धा जमत नाही.

मॅडम म्हणाल्या, जंतू मायक्रोस्कोपखाली दाखव. अर्धा तास बघितलं, काचेवर काही नाही. जंतू फार लहान असावा. हे बोलून दाखवलं. मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. अशा कामाची त्यांना सवय नाही.

जस्मिन म्हणाली, मी तुझ्या प्लेटमध्ये एक कंट्रोल लावून देऊ का? म्हटलं, माझ्या प्लेटला हात लावायचा नाही. ती म्हणाली, बरं. तिच्या त्या "बरं"नं माझी सगळी दुपार गेली.

२३ फेब्रुवारी

जंतूचं नाव ठरलं, माझ्या नावावरून. लॅक्टोबॅसिलस रविराजेन्सिस. आरशासमोर तीनदा म्हणून बघितलं. खालून सत्यजीत आईला म्हणाला, त्याला विचार घशाला काय झालं.

६ मार्च

मॅडमना झोनचे फोटो दाखवले. चांगल्या प्लेटांचे. त्या म्हणाल्या, आलेल्या दाखवतोस, न आलेल्या कुठं आहेत? मी म्हणालो, त्या फसलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, त्याच बघायच्या असतात. म्हणजे जिंकलेल्या पैलवानाला हरलेल्या कुस्त्यांची यादी मागायची. बाई फेलोशिप चुकवायला बघतायत असा मला दाट संशय आहे. जस्मिननं कान भरले असणार.

२० मार्च

कॉलेजात एका दूध प्लांटचा इंटरव्ह्यू. क्वालिटी लॅबमध्ये एक जागा. मला नकोच होती, पण त्यांना चांगला उमेदवार कसा दिसतो हे कळावं म्हणून गेलो.

त्यांनी विचारलं, दुधात अँटिबायोटिक आलं तर कसं ओळखाल? काय हा प्रश्न. मी म्हणालो, दुधात अँटिबायोटिक येईलच कसं, गाय काय मेडिकलमध्ये जाते? त्यांच्यातला एकजण हसला, म्हणजे उत्तर आवडलं. पुढे सांगितलं की मी अँटिबायोटिक ओळखणारा नाही, बनवणारा आहे. त्यांनी थँक यू म्हटलं.

२४ मार्च

जागा जस्मिनला. एक तारखेपासून जायचं, प्रोजेक्ट संभाळून. दिवसभर दूध हुंगत बसेल. तिनं केक वाटला. मध्ये कच्चा होता. दोन तुकडे खाल्ले तरी मत बदललं नाही.

६ एप्रिल

आज डोळ्यांनी बघितलं म्हणून लिहितोय, नाहीतर विश्वास बसला नसता. चांदणीसाठी काल तो डॉक्टर परत येऊन गेला. किटली आज परत बाहेर होती, आणि मी बाटली घेऊन जाईपर्यंत सत्यजीतनं ती उचलून उकिरड्यावर ओतली. माझं दूध. माझा जंतू. मी आईला ओरडून म्हणालो, त्याला विचार हे काय चाललंय. तो आईला म्हणाला, त्याला सांग नेहमीचंच चाललंय.

नेहमीचंच! म्हणजे मी नेल्यावर उरलेलं तो रोज असं ओतून देतो. माझं नाव होऊ नये म्हणून माणूस दूध मातीत घालतो. आप्पा तंबाखू मळत बसले होते. त्यांनी चिमूट तोंडात टाकली. ह्या घरात मान शेणाच्या पाटीला, मेंदूला नाही.

९ एप्रिल, दुपारी

आजचा दिवस गावाच्या इतिहासात राहील.

आप्पा आणि सत्यजीत खुटबावला लग्नाला गेले. धारा आईनं काढल्या, दूध सेंटरवर घालायचं काम माझ्याकडे आलं. आई म्हणाली, मोठे कॅन ने, लाल झाकणाची किटली राहू दे. तिला वाटतं मी माझ्यापुरतंच बघतो. पण मी सगळी रात्र विचार केला होता. उकिरड्यात जाण्यापेक्षा हे दूध लोकांच्या पोटात का जाऊ नये? रोगाच्या जंतूंना मारणारं दूध! आई आत गेली तशी किटली मोठ्या कॅनमध्ये रिकामी केली.

सेंटरवर बन्सीमामांनी फॅट काढली आणि म्हणाले, काय शास्त्रज्ञ, मेनंतर येताय ना आमच्याकडं? रांगेतले हसले. मी नुसता हसलो. माझं दूध त्यांच्या कूलरमध्ये सगळ्या गावाच्या दुधात मिसळताना उभं राहून बघितलं. आमच्या वडगाव रासाईला माहीत नाही आज त्याला काय मिळालं.

१० एप्रिल

प्लांटवरून गावाचा टँकर परत आला. दूध नापास. कारण कळलं नाही. बन्सीमामा फोनवर फोन करतायत. मी आईला म्हणालो, पाणी घालत असतील लोक.

११ एप्रिल

काल परत आलेलं सगळं दूध ओढ्याला ओतलं. सगळ्या गावाचं. बायका बघायला उभ्या होत्या. ताईबाईंच्या घरी एकच म्हैस, त्यांचंही त्यात होतं. त्या रिकामा कॅन घेऊन गेल्या.

उद्या प्लांटची माणसं येऊन घराघराचं दूध तपासणार आहेत. बरं होईल. चोर सापडेल.

१२ एप्रिल

प्लांटची माणसं म्हणजे जस्मिन. पांढरा कोट, हातात दूध तपासायच्या पट्ट्यांचा डबा, बरोबर एक ड्रायव्हर. मला बघून दचकली. मला वाटलं लाजली.

सगळं गाव सेंटरवर, आप्पा, आई, सत्यजीत सगळे. तिनं सांगितलं, दुधात अँटिबायोटिक सापडलंय, कुणीतरी आजारी जनावराचं दूध घातलंय. नऊ तारखेच्या प्रत्येकाच्या दुधाचा नमुना बन्सीमामांच्या फ्रिजमध्ये होता. ती एकेक नाव घेऊन पट्टी बुडवत गेली. दोन रेघा उमटल्या की दूध चांगलं. लोक एकमेकांकडे तिरके बघत होते. मीही बघत होतो. ताईबाईंकडे जरा जास्तच बघितलं.

आमच्या नावावर पट्टीची एक रेघ उमटलीच नाही. तिनं दुसरी पट्टी लावली. तीही तशीच.

बन्सीमामा आप्पांकडे वळले. आप्पा सत्यजीतकडे. सत्यजीतनं आईकडे बघितलं नाही, सरळ माझ्याकडे बघितलं. दिवाळीनंतर पहिल्यांदा.

"किटली तू ओतलीस?"

मी आईला म्हणालो, त्याला सांग, ते संशोधनाचं दूध आहे.

"चांदणीचं दूध हाय ते. जवा जवा ट्यूबा सोडतो तवा वेगळं काढतो, औषध उतरंपर्यंत. झाकण लाल कशापायी केलंय? आंधळ्यालाबी दिसावं म्हणून."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. जस्मिन पट्टी हातात धरून माझ्याकडे बघत होती. तिला सगळं एका क्षणात कळलं, हे मला तिच्या तोंडावर दिसलं.

"रविराज, तुझी सगळी सॅम्पलं ह्याच किटलीतली आहेत का?"

प्रश्न अवांतर होता. मग आईच मध्ये बोलली. लोकांकडे बघून, मला सांभाळून घेत बोलली.

"तो चांदणीचा आजार शोधतोय. म्हणून तर न्हेतोय तिचं दूध, जानेवारीपासनं. कळलं की सांगनारच हाय."

तेव्हा मात्र मला उभं राहवेना. मी पाणी प्यायला म्हणून निघालो आणि घरी आलो.

१३ एप्रिल

महिनाभर आमचं दूध सेंटरवर घेणार नाहीत. सगळ्या गायींचं. शेवंताबाई आईशी बोलत नाहीत. आईनं सकाळी धारा काढल्या आणि कॅन कुठं ठेवावा ते न कळून तशीच उभी राहिली.

सत्यजीतनं अबोला परत सुरू केला आहे. ह्यावेळी आप्पाही त्यात आहेत.

डॉक्टरचीच चूक आहे. ट्यूबा सोडल्याच नसत्या तर.

१६ एप्रिल

कॉलेज. मॅडमच्या टेबलावर एक प्लेट. दोन भोकं, एकात माझं गाळलेलं औषध, दुसऱ्यात सेंटरवरून आलेलं आमचं कच्चं दूध. दोन्हींभोवती सारखीच चकती, बांगडीएवढी. जस्मिननं लावली होती. माझ्या परवानगीशिवाय, हे मी लगेच निदर्शनास आणून दिलं.

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर भांडता आलं असतं. त्या म्हणाल्या, फ्लास्कमध्ये तुझा जंतू कधी वाढलाच नाही, औषधानं तोही मेला. म्हणून तर दूध आंबलं नाही. तुझ्या घरी ह्या दुधाचं दही लागत होतं का रे?

मी म्हणालो, आठवत नाही.

फेलोशिपला नाव जाणार नाही. ह्या प्रोजेक्टवर पासही करता येणार नाही. उन्हाळाभर नवा प्रोजेक्ट करायचा, तो पहिल्या दिवसापासून कंट्रोलसकट, आणि मग तोंडी परीक्षा.

रविराजेन्सिस नाही.

३ मे

आप्पा बोलत नाहीत म्हणून मीच आईकरवी कळवलं की बन्सीमामांच्या मशीनवर बसायला माझी हरकत नाही. सकाळी थोडा वेळ, कॉलेज संभाळून. त्यांना शिकलेला माणूस हवाच होता.

संध्याकाळी निरोप आला. बन्सीमामा म्हणाले, रविराजला कामाला ठेवीन, पण दुधाच्या जवळ येऊ देणार नाही. सेंटरवर दुधाजवळचं नसलेलं काम कोणतं ते त्यांनी सांगितलं नाही.

९ मे

नव्या विषयाचा विचार. मॅडमनी तीन सुचवले. तिन्ही सामान्य. मी रात्री जेवताना आईकडे बघितलं. ती ताटात बघत होती. "कळलं का रे" असं तिनं महिनाभरात एकदाही विचारलेलं नाही.

१९ मे

विषय ठरला! चांदणीची कास वारंवार का सुजते, जंतू कोणता, त्याला नेमकं कोणतं औषध लागू पडतं. न्हावऱ्याच्या डॉक्टरला जे कधी सुचलं नाही ते. खरं तर माझ्या मनात हाच विषय पहिल्यापासून होता. मॅडमनी चष्मा काढला नाही, डोळे चोळले नाहीत, म्हणाल्या, हे चांगलं आहे, उद्याच सॅम्पल आण. जस्मिननं निर्जंतुक नळ्यांचा पुडा दिला आणि प्रत्येक सडाचं दूध वेगळ्या नळीत घे असं सांगितलं. मला माहीत होतं. तरी लिहून घेतलं.

उद्या पहाटे उठणार. आईला सांगायचं नाही, आधी निकाल हातात घ्यायचा.

२० मे, पहाटे

उठलो. हात साबणानं धुतले, नळ्यांवर नावं घातली. चांदणी उजवा पुढचा, चांदणी डावा पुढचा, अशी चारही. गोठ्यात गेलो.

चांदणीच्या जागी दावं नुसतं पडलं होतं. गव्हाणीत कालची वैरण.

आई दुसऱ्या गायीची धार काढत होती. मी विचारलं, चांदणी कुठंय? ती म्हणाली, कालच्या बाजारात दिली सत्यजीतनं, तू कॉलेजात होतास. मी नळ्या दाखवल्या आणि म्हणालो, तिचा आजार शोधायला घेतलाय. धारेचा आवाज थांबला. आईनं नळ्यांकडे बघितलं, त्यांच्यावरची नावं तिनं हळूहळू वाचली.

"आता व्हय?" म्हणाली, आणि परत धारेला लागली.

नळ्या खिशात घातल्या. मग घरात आलो. ओट्यावर पातेल्यात रात्रीचं दही होतं. घट्ट लागलेलं, वर साय. एक वाटी खाल्ली.